कप्तान आणि फायनलचं सर्टिफिकेट

बाबांनी कुत्र्याचं पिल्लू आणलं ते आईला न विचारता. पुढचे सहा महिने आमच्या घरात जो वैताग चालला, त्याचं मूळ मला आजही त्या न विचारण्यातच दिसतं. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. वर्षाकाठी एकदा, मे महिन्यात, ते घरी येत, आंबे-फणस खात, कौलं परतत आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत शेवटच्या बोटीने परत जात. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी ते मालवणच्या बाजारातून आले ते एका हातात सामानाची पिशवी आणि दुसऱ्या काखेत एक तांबडं पिल्लू घेऊन. गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे.

"घरात दोघी बायलमाणसां," बाबा म्हणाले. "राखणीक कोण तरी नको?"

"आणि ह्येका राखूक कोण?" आईने चुलीपुढून विचारलं. ती उठलीसुद्धा नाही.

बाबा हसले. गोदीत कुणा गोऱ्या कप्तानाची त्यांनी एकदा पेटी उचलली होती, त्याच्या आठवणीने त्यांनी पिल्लाचं नाव कप्तान ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते बोटीत बसून गेले. कप्तान राहिला. आई त्याला कधी त्या नावाने हाक मारत नसे. "मेल्या" म्हणायची, तेही लांबून.

घरात आम्ही दोघीच. मी गावच्या मराठी शाळेत सातवीला होते आणि आई काजूच्या कारखान्यात भाजलेल्या बिया फोडायला जायची. सकाळी ती चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवी, सोबत कधी भाजलेला सुका बांगडा, कधी नुसती खारातली मिरची. पेज पिऊन आम्ही बाहेर पडायचो. पुढचं दार लावून आई कडीला कुलूप घाली, किल्ली पदराच्या गाठीत बांधी, आणि नारळीच्या बागेतून आम्ही दोन वाटांना लागायचो. ती संध्याकाळी परतायची तेव्हा काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली असत. राख लावा, खोबरेल चोळा, तो काळा रंग जायचा नाही, आणि नखांच्या कडेची कातडी भाजल्यासारखी सोलवटलेली असायची. त्या बोटांनी ती भात कालवायची तेव्हा मीठ झोंबून तिचा चेहरा क्षणभर आवळायचा. हे मला त्या वयात रोज दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं.

पहिला महिनाभर कप्तान झोपायचा, मुतायचा आणि पुन्हा झोपायचा. मग त्याला दात आले म्हणा किंवा अक्कल आली म्हणा, घरी परतणं हेच आमच्यासाठी संकट झालं. कुलूप उघडताना आईचा हात थांबायचा. आत काय असेल याचा अंदाज घेत आम्ही दोघी उंबऱ्यावर उभ्या राहायचो. एकदा माझं दप्तर, त्यातल्या गणिताच्या वहीचा लगदा. एकदा बाबांच्या जुन्या छत्रीची मूठ. मग आईची एकुलती एक चप्पल. तिचा अंगठा तेवढा शिल्लक ठेवला होता, जणू ओळख पटावी म्हणून. नंतर उशी. सावरीचा कापूस माजघरभर उडत होता आणि कप्तान त्यात बसून शेपूट आपटत होता. आम्ही आलो याचा त्याला इतका आनंद व्हायचा की तो धावत येऊन आईच्या पायांत घोटाळायचा आणि आई त्याला पायानेच बाजूला सारायची. "हसता बघ कसो! मेल्यान माझो संसार खाल्ल्यान आणि हसता!" पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला तर त्याने खालून हातभर लाकूड पोखरलं होतं. शिवणाच्या लाकडाचं दार, आजोबांच्या वेळचं. त्यावर नखांचे ओरखडे असे होते की कुणी आत कोंडलेला माणूस सुटायची धडपड करत असावा.

उपाय सगळ्यांनी सांगितले. शेजारच्या गंगाकाकीने सांगितलं, मिरची वाटून लाव. आम्ही दाराला मिरची लावली. कप्तानने ती चाटली, शिंकला, कळशीतलं पाणी सांडून प्यायला आणि पुन्हा दार धरलं. मग त्याला गोठ्यात बांधून पाहिलं. म्हैस विकल्यापासून आमचा गोठा रिकामाच होता. तिथे त्याने चावलं काही नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत रडला. साधं भुंकणं नव्हे. मान वर करून एक लांबलचक हेल काढायचा, तो संपेसं वाटलं की पुन्हा वर चढायचा. गंगाकाकीचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते. तिसऱ्या दिवशी काकी दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली.

"सुमाच्या आवशी, माका सांगूक बरा वाटणा नाय. पण म्हातारो म्हणता, माझ्या दारात मरणाची हाक कोण मारता? त्येका आधीच झोप नाय."

आईने मान खाली घातली. "नाय बांधूचंय काकी. चुकी झाली," म्हणाली. पण घरात आल्यावर तिने कळशी अशी आदळली की तिला पोचा पडला. बाबांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की राखणीचा कुत्रा थोडा खट्याळ असायचाच, दोन वर्षांत शांत होईल. "दोन वर्षां!" आई म्हणाली. "तोपर्यंत घराचो वासोसुद्धा उरूचो नाय. पत्र लिहिणाऱ्याचा काय जाता!"

एक दिवस तिने कारखान्यातून करवंटीत थोडा काजूचा चीक आणला. दाराला लावते म्हणाली, तोंड भाजलं की आपोआप सुधारेल. मी रडायला लागले. ती ऐकेना. चिंधी चिकात बुडवली, दाराशी जाऊन बसली. कप्तान शेजारी येऊन तिच्या कोपराला नाक लावून उभा राहिला. आई बराच वेळ तशीच बसली. मग उठून तिने करवंटी मागच्या खड्ड्यात रिकामी केली आणि वर माती ओढली. "माका म्हायत आसा तो कसो भाजता," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला विहिरीवर गेली.

श्रावण सरताना आईला एक पाकीट आलं. तिने कधी अर्ज केला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. आसपासच्या वाड्यांमध्ये नव्या शाळा निघत होत्या, शिक्षक पुरत नव्हते, आणि फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास झालेल्या बायकांनाही घेत होते. आई लग्नाआधी खारेपाटणला माहेरी असताना फायनल पास झाली होती. ते सर्टिफिकेट तिने लुगड्यांच्या तळाशी जपून ठेवलं होतं. मूळ सर्टिफिकेटासह मालवणला शाळाखात्याच्या ऑफिसात हजर व्हावं, असं पत्रात होतं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने पेटी उघडली. सर्टिफिकेटाला दमट वास येत होता, घड्यांवर बुरशीचे ठिपके होते. तिने ते हलक्या हाताने पुसलं, आपल्या बऱ्यापैकी एका लुगड्याच्या घडीवर पसरलं आणि हवा लागावी म्हणून भाताच्या पेटाऱ्यावर ठेवलं. मला म्हणाली, "मी आज दुपारीच येतलंय. तू जाताना त्येका गोठ्यात बांध. आजचो एकच दिवस. काकीक मी सांगलंय."

ती कारखान्यात गेली. मी दोरी घेतली. बाहेर धो धो पाऊस होता आणि गोठ्याच्या छपरातून तीन ठिकाणी पाणी गळत होतं. कप्तानला दोरी दिसली तसा तो पोट जमिनीला लावून चुलीमागे सरकला आणि माझ्याकडे पाहू लागला. मला वाटलं, आई दुपारी येणारच आहे, तेवढ्या वेळात काय होणार? पेटारा उंच आहे. मी दोरी खुंटीला अडकवली, घराला कुलूप घातलं, किल्ली ठरल्या जागी वळचणीत ठेवली आणि शाळेत गेले. आता सत्तरी ओलांडल्यावर मी स्वतःचे बरेच अपराध माफ केले आहेत, पण ते कुलूप लावतानाचा 'तेवढ्या वेळात काय होणार' हा विचार अजून मनात येतो तेव्हा चटका बसतो.

मी परतले तेव्हा आई माजघरात जमिनीवर बसली होती. समोर लुगडं, काठाकडून फाटलेलं. आणि तिच्या मांडीवर कागदाचे तुकडे. ती ओरडत नव्हती. एक एक तुकडा उचलून, लाळ टिपून, गुडघ्यावर सपाट करत होती. कप्तान कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"गोठ्यात बांधलंलंस मां गो?" तिने वर न बघता विचारलं.

"बांधलंलंय," मी म्हणाले. "दोरी सोडवन इलो असतलो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तुकड्यांकडे. "भाताची खळ कर," म्हणाली.

मी भात शिजवून, कुस्करून खळ केली. दिवेलागणीपर्यंत आम्ही एका कोऱ्या कागदावर ते तुकडे जुळवत होतो. तिचं नाव सापडलं. 'उत्तीर्ण' सापडलं. शिक्क्याचा अर्धा चंद्र सापडला. ज्या तुकड्यावर तिचा नंबर आणि वर्ष होतं तो कुठेच नव्हता. आम्ही पेटाऱ्याखाली, चुलीच्या राखेत, सगळीकडे पाहिलं. शेवटी आई कप्तानकडे बघून म्हणाली, "ता पोटात गेला." आणि थोड्या वेळाने, "चतुर्थीक गंगाकाकीचो भाव इन्सुलेसून येतलो. त्येच्याकडे देऊन टाकतंय ह्येका. काजूची राखण करीत." मी खळीचं भांडं घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कप्तानला गोठ्यात बांधून सर्व्हिस मोटारीने आम्ही मालवणला गेलो. एकटीने ऑफिसात जायचं तिला जड वाटत होतं म्हणून मला सोबत घेतलं. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर पाच-सहा पुरुष उमेदवार गुंडाळ्या घेऊन बसले होते. आई उभीच राहिली, हात पदराखाली. आत बोलावल्यावर तिने तो खळीने ताठ झालेला कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. बाजूचा कारकून वाकून बघून हसला. "हे काय, बाई?"

"कुत्र्यानं फाडलं," आई म्हणाली.

"कुत्र्यानं! निदान कारण तरी बरं शोधायचं."

साहेब हसले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "नंबर नाही. वर्ष नाही. सही अर्धी. हे मी ग्राह्य कसं धरू?"

मग माझी आई बोलू लागली, आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी 'माका-तुका' बोलणारी माझी आई स्पष्ट, पुस्तकी मराठीत बोलत होती. "साहेब, तो तुकडा गेला, पण त्यावरचं सगळं मी आपल्याला सांगू शकते. परीक्षेचं केंद्र, वर्ष आणि माझा नंबर." आणि तिने नंबर सांगितला. मग प्रत्येक विषयाचे गुण सांगितले, भाषा, गणित, इतिहास, भूगोल, एकही न अडखळता. कारकुनाने लिहून घ्यायला सुरुवात केली होती, त्याला तिने मध्येच थांबवलं. "सात नव्हे. शेवटचा आकडा एक आहे."

साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी पाठ आहे?"

"पाठ कशाला करायचा, साहेब? तो माझाच नंबर आहे."

साहेबांची नजर तेव्हा तिच्या हातांवर गेली. बोलता बोलता ते पदराबाहेर आले होते. तिने ते परत झाकले नाहीत. "मी परीक्षा खात्याला लिहून खात्री करून घेतो," साहेब म्हणाले. "जुळलं तर कळवू. वेळ लागेल. आश्वासन देत नाही."

परतीची मोटार चुकली, म्हणून पाऊस थांबलेला बघून आम्ही चालतच निघालो. माळावर वाट चिकट झाली होती. आई पुढे, मी मागे. तिच्या पायांत गंगाकाकीकडून मागून आणलेल्या वहाणा होत्या, त्या मोठ्या होत होत्या आणि दर पावलाला फटफट वाजत होत्या. तो आवाज मला सहन होईना.

"आये," मी म्हणाले, "मी त्येका बांधूक नाय होतंय. घरातच ठेवलंलंय."

"माका ठावक आसा," ती न थांबता म्हणाली. "घराक कुलूप होता. तो काय कौलां काडून भितर इलो?"

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तू सांगतंस काय ता बघी होतंय."

एवढं बोलून ती थांबली, आणि मग तिचा बांध फुटला. ती माझ्यावर ओरडली, बाबांवर ओरडली, कप्तानवर ओरडली. माळावर चरणाऱ्या दोन गाई मान वर करून बघायला लागल्या. "ह्या घरात माझ्या नावाचा काय आसा? घर तुझ्या बापाशीचा, बाग त्येच्या भावांची, कुत्रो त्येचो. एक कागद होतो माझ्या नावाचो. एकच! तो पण खाल्ल्यान!" तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने डोळे पुसले, वहाणा काढून हातात घेतल्या आणि चालायला लागली. मी मागून रडत गेले.

घर जवळ आलं तसा गोठ्यातून तो हेल ऐकू आला. आवाज बसून घोगरा झाला होता, तरी चालूच होता. आमची चाहूल लागताच तो एकदम बंद झाला. आई गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. कप्तान दोरी ताणून मागच्या पायांवर उभा होता, थरथरत होता, आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. आईने त्याला सोडलं नाही, आधी घरात गेली. बऱ्याच वेळाने माजघरातून मला हाक आली.

"सुमा, हडे ये. ह्यां बघ." जमिनीवरच ठेवलेली सुक्या बांगड्यांची रोवळी तिने पुढ्यात ओढली होती. "ही सदीच भुयेर आसता. ह्येतलो एक तरी बांगडो खाल्ल्यान त्येना?"

मी आठवून पाहिलं. नव्हता खाल्ला.

"माझी चप्पल. तुझा दप्तर. उशी. बापाशीची छत्री. माझा लुगडा," ती बोटांवर मोजत होती. "भूक नाय त्येका. आमचो वास येता थंयच तोंड घालता. आणि दार. दारातून आमी जातंव म्हणान." तिने रोवळी बाजूला सारली. मग चिडूनच म्हणाली, "एकटो रवाक भियाता मेलो. माका काय म्हायत!"

माझ्या नातीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये असाच एक कुत्रा आहे. त्याच्यासाठी रबराची खेळणी आहेत, शिकवायला मास्तर येतात, आणि ती ऑफिसात बसून फोनवर त्याला बघते. परवा तिने मला शिकवणीची पद्धत समजावून सांगितली: आधी मिनिटभर बाहेर जायचं, परत यायचं, मग पाच मिनिटं, मग वाढवत न्यायचं. मी ऐकून घेतलं. काजू फोडून आलेल्या माझ्या आईने हेच केलं होतं, फक्त शिव्या देत. ती दार लावून विहिरीपर्यंत जायची नि परत यायची. मग गडग्यापर्यंत. मग गंगाकाकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन सुपारी कातरेपर्यंत. परतल्यावर त्याच्याकडे बघायची नाही, सरळ कामाला लागायची. तिचं फाटलेलं ते लुगडं त्याला अंथरूण म्हणून दिलं. कारखान्यातून दमून आल्यावर हा खेळ करताना ती इतकी वैतागायची की एकदा विहिरीवरच बसून राहिली. "मी दिवसभर राबान येतंय आणि हय माका कुत्र्याचो अभ्यास!" कधी तीन दिवस बरे जायचे आणि चौथ्या दिवशी माझी परकर-पोलकी गेलेली असायची. चतुर्थीला काकीचा भाऊ इन्सुलीहून आला, कप्तानला उलटापालटा करून बघितलं, बरा आहे म्हणाला. आई म्हणाली, "आता ऱ्हवांदे. अर्धो शिकयलेलो दुसऱ्याक कसो देव?" एवढ्यावर तो विषय मिटला.

दिवाळीनंतर पत्र आलं. नंबर जुळला होता. एक वाडी सोडून पलीकडच्या नव्या शाळेत तिला हजर व्हायचं होतं.

पहिल्या दिवशी आईने आपलं ते बरं लुगडं नेसलं नाही, ते कप्तानकडे होतं. रोजचंच धुतलेलं नेसली. दाराला कुलूप घातलं आणि जोरात चालू लागली. मीही माझ्या वाटेला लागले. वळणावर मागे पाहिलं तर आई जास्वंदीच्या कुंपणाआड उभी. मान वाकडी करून ती घराकडे कान देत होती. घरातून एक बारीक कण्हणं आलं. तिने पाऊल घराकडे टाकलं, परत मागे घेतलं. पुन्हा शांत झालं. ती निघाली, दहा पावलं जाऊन परत आली, पुन्हा उभी राहिली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझी आई शाळेत उशिरा पोचली, आणि मुलं बाहेर वाळूत खेळत होती, हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं.

संध्याकाळी आम्ही दोघी दारात एकदमच आलो. तिच्या बोटांवर काळ्या रंगावर खडूचा पांढरा बसला होता. कुलूप उघडलं. लुगडं जागच्या जागी होतं. दार शाबूत होतं. मात्र जेवणाच्या पाटाचा एक कोपरा साफ गेला होता, आणि त्याची भुकटी मिशांना लावून कप्तान आमच्यासमोर उभा होता.

आईने पाट उचलून दोन्ही बाजूंनी बघितला.

"एक पाटच मां?" ती म्हणाली. "जांव दे." आणि पदर खोचून चहाचं आधण ठेवायला गेली. "कप्तान," तिने चुलीकडून हाक मारली, "हडे ये रे मेल्या."